सर्वेसाहेबांची रिकामी टाकी

गाडी बंद पडली की लोक बॉनेट उघडतात. आमचे सर्वेसाहेब खिशातून खडू काढायचे. आधी सावकाश खाली उतरायचे, पँटची इस्त्री सांभाळत एका गुडघ्यावर बसायचे आणि चारही चाकांभोवती डांबरावर पांढरी रेघ मारायचे. मागे टेम्पोवाले आणि रिक्षावाले हॉर्न दाबून आईबहिणींचा उद्धार करत असायचे, पण रेघ पुरी झाल्याशिवाय हे हलायचे नाहीत. मग उठून, हात झटकून, माझ्याकडे बघत म्हणायचे, "आता कुणीही कशाला हात लावायचा नाही."

गाडी मी चालवत असे. त्यामुळे 'कुणीही' म्हणजे मीच.

सर्वेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. विम्याच्या कंपनीत ते सर्व्हेयर होते. ठोकलेली, जळालेली, खाडीत बुडालेली गाडी बघायची आणि चूक कोणाची याचा अहवाल द्यायचा, ही नोकरी. उभा जन्म त्यांनी तेच केलं, आणि चूक बहुतेक वेळा चालकाची निघाली, असं ते अभिमानाने सांगत. निघणारच. चालक निर्दोष सुटावा म्हणून कंपनी कुणाला पगार देत नाही. पण साहेबांना हा आपल्या निदानशक्तीचा पुरावा वाटे. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांना मोकळं केलं, त्यांनी मात्र कंपनीला मोकळं केलं नाही. ती घरी आणली.

घरात दूध उतू गेलं तर काकूंना लगेच ओटा पुसायची परवानगी नसे. आधी साहेब येऊन बघणार, आच किती होती विचारणार, शेवटचं स्वयंपाकघरातून कोण बाहेर पडलं ते ठरवणार. काकू हातात फडकं घेऊन उभ्या राहत आणि म्हणत, "लवकर विचारा, मुंग्या लागतील." एका गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा लाउडस्पीकर ऐन आरतीच्या वेळी मुका झाला. वायर सुटली होती, पहिल्या रांगेतल्या बाईलाही दिसत होती. साहेबांनी वायरला हात लावू दिला नाही. स्पीकर शेवटी कोणी हाताळला याची चौकशी सुरू झाली, आरती तशीच झाली, प्रसाद वाटून झाला, लोक घरी गेले. चौकशी चालू.

त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं: "आधी पुरावा, मग पाना." ऐकायला बरं वाटतं. मलाही पहिल्यांदा बरं वाटलं होतं. मी मागण्यांची पत्रकं लिहिते, पुरावा हा शब्द मला आवडतो. पण पुरावा मागणाऱ्यांचेही दोन प्रकार असतात. एकाला काम सुरू करायचं असतं. दुसऱ्याला ते कधीच सुरू होऊ द्यायचं नसतं आणि वर आपण फार काटेकोर आहोत असंही वाटून घ्यायचं असतं. कामगाराचा हात साच्यात गेला की कारण शोधणारे, गटारात माणूस गुदमरला की समिती नेमणारे, हे सगळे याच दुसऱ्या जातीचे. साहेब त्यांचे आजोबा शोभले असते.

मग अशा माणसाच्या गाडीवर मी ड्रायव्हर कशी झाले? गरज. दुसरं काय.

भेस्तानच्या बाजूला आमची मराठी शाळा आहे, नगरपालिकेची, मुलींची. मी तिथेच शिकले. बाप खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आला, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि शाळेत मराठी, अशी माझ्यासारख्या सगळ्यांची वाढ. नंतर लूम कडोदऱ्याकडे गेले, खोल्याही तिकडे स्वस्त, माणसं तिकडे सरकली. शाळा जागच्या जागी राहिली. आठवीच्या वर्गात हजेरी घटत गेली आणि वरून फर्मान आलं की एक अधिकारी येऊन बघेल, मुली दिसल्या तर वर्ग राहील, नाही तर बंद.

आठवी बंद म्हणजे काय होतं ते मंडळातल्या बँकवाल्या काकांना समजावून सांगावं लागे. सुनंदावहिनींना नाही. वहिनी कडोदऱ्याला एका खोलीत राहतात, दिवसभर साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवतात. त्यांची पायल आठवीत. दुसऱ्या शाळेत जायला हायवे ओलांडायचा, तिथे सगळं गुजरातीत शिकायचं, घरचे म्हणणार राहू दे, त्यापेक्षा आईला मदत कर. गल्लीतल्या ज्या मुलींची शाळा सुटली त्या आज दारात पाय पसरून खडे चिकटवतात, डोळे बारीक झालेत. वहिनींनी मला एवढंच सांगितलं होतं की पायलच्या हाताला गोंद लागू द्यायचा नाही.

तर कडोदऱ्याहून आठ-दहा मुली रोज भेस्तानला आणायला गाडी हवी होती. मराठी मंडळाकडे मागितली तर त्यांनी ठराव केला. ठरावात बसून मुली शाळेत जात नाहीत, असं मी सभेतच बोलले. तेव्हा शेवटच्या रांगेतून साहेब उठले आणि आपली व्हॅन देतो म्हणाले. फुकट. अट दोनच: ते स्वतः कायम पुढे डावीकडे बसणार, आणि गाडीबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा. मी भारावून गेले. माणसाने सभेत भारावून जाऊ नये.

दुसऱ्याच दिवशी काटा बघितला. पेट्रोलचा काटा लाल पट्टीवर झोपलेला. मी म्हटलं, काका, पेट्रोल भरू. ते म्हणाले, रोज लागेल तेवढंच भरायचं. भरलेली टाकी म्हणजे चालता बॉम्ब. जळालेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांतल्या एकीबद्दल ते एकदाच बोलले, तेही खिडकीबाहेर बघत. आत कोण होतं ते सांगितलं नाही. टाकी काठोकाठ होती, एवढंच सांगितलं. मी त्या दिवशी वाद घातला नाही. पण भीती ही भीती म्हणून सांगावी, तिला नियम म्हणू नये. साहेबांनी तिला नियम केलं आणि गाडीतल्या सगळ्यांवर लादलं.

आता थोडं यंत्राचं सांगते, नाही तर पुढची मजा कळायची नाही. व्हॅन जुनी होती, तरी तिच्या टाकीत विजेवर चालणारा एक छोटा पंप बुडवलेला होता. तो पेट्रोल पुढे इंजिनकडे ढकलतो. चावी अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून क्षणभर गुणगुण ऐकू येते, ती त्याची. चालताना तो तापतो, आणि त्याला थंड कोण ठेवतं? आजूबाजूचं पेट्रोल. टाकी कायम तळाला गेलेली असेल तर पंप उघडा पडतो आणि स्वतःच्याच उष्णतेत भाजत राहतो. हे काही ऋषिमुनींचं ज्ञान नव्हे. मी फोनवर एक व्हिडिओ बघितला, तेवढ्यात कळलं.

व्हॅनची लक्षणंही पाठ्यपुस्तकातल्यासारखी. सकाळी गार असताना एका हाकेत सुरू. ऊन चढलं की आचके. सपाट रस्त्यावर बरी, पुलाच्या चढावर दम लागलेला. पाय दाबावा तर जोर येण्याऐवजी जायचा. मध्येच बंद, मग तिला एकटीला जरा वेळ सोडलं की मुकाट सुरू. आणि सीटखालची ती गुणगुण आधी कण्हण्यासारखी झाली, मग कधी यायची, कधी नाही.

साहेबांचं पहिलं निदान: चालक. माझा पाय क्लचवर टेकलेला असतो म्हणे. मी पाय उचलून दाखवला, गाडी तरी बंद पडली. मग माझी चप्पल. रबरी तळव्याने पेडलचा अंदाज येत नाही. मी अनवाणी चालवली. दुसऱ्या आठवड्यात आरोपी बदलला, आता भेसळ. आम्ही प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी पेट्रोल भरू लागलो. मग त्यांना इथेनॉल सापडलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसाचा अंश असतो आणि जुन्या गाड्यांना तो सोसत नाही, हे त्यांनी वाचलं होतं. त्यानंतर चलथाणच्या बाजूने उसाचा ट्रक समोर आला की साहेब बोट दाखवून मुलींना म्हणायचे, "तो बघा, आरोपी चालला." मुली खिडकीला चिकटून आरोपी बघायच्या, आणि आरोपीच्या शेपटातून लोंबणारं एखादं कांडकं हाताला लागतंय का तेही.

शेवटी मी भांडून गाडी भेस्तानला गॅरेजवर नेली. गॅरेजवाला काही धुतल्या तांदळाचा नव्हता. आधी प्लग बदलून झाले, मग फिल्टर, गाडी तशीच. मग त्याने मागची सीट उचलली, मला चावी फिरवायला लावली, कान लावला, आणि मावा गालात सरकवून म्हणाला, "साहेब, पंप जाय छे. टांकी उतारवी पडशे."

टाकी उतरवावी लागणार म्हटल्यावर साहेबांनी त्याची उलटतपासणी घेतली. पंप जातोय हे तू पाहिलंस का? नाही. टाकीच्या आत गेला होतास का? नाही. परवा तू प्लग म्हणत होतास, काल फिल्टर, उद्या काय म्हणशील? गॅरेजवाला म्हणाला, पाइपला मीटर लावून दाब मोजू, दाब पडला की सिद्ध. मीटर आणा म्हणाले साहेब. मीटर शेजारच्या गॅरेजने नेलेला होता. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "साक्ष ग्राह्य नाही." जाताजाता गॅरेजवाल्याने मला हळूच सांगितलं की निदान टाकी अर्धी तरी भरलेली ठेव, म्हणजे पंप अजून थोडे दिवस काढेल.

मी ठेवली. एका संध्याकाळी साहेबांना न सांगता अर्धी टाकी भरून आणली. सकाळी त्यांनी काटा पाहिला आणि गाडीत बसायला नकार दिला. सोसायटीतून नळी आली, साहेबांच्या देखरेखीखाली पेट्रोल उपसलं गेलं आणि ज्यांच्या ज्यांच्या स्कूटर खाली उभ्या होत्या त्यांच्यात वाटलं गेलं. त्या दिवशी सोसायटीत साहेबांइतका लोकप्रिय माणूस नव्हता. मुली शाळेत उशिरा पोहोचल्या.

अधिकारी येणार तो दिवस ठरला. मी आदल्या दिवशी काकूंच्या देखत साहेबांना हात जोडले, म्हटलं उद्या एक दिवस रिक्षा करू. ते दुखावले. गाडीवर अविश्वास म्हणजे त्यांच्यावर अविश्वास. शिवाय गाडी सकाळी उत्तम चालते, हे नोंदलेलं सत्य आहे. काकू म्हणाल्या, "अगं, ऐकायचे असते तर माझं ऐकलं असतं."

सकाळी गाडी खरंच उत्तम चालली. कडोदऱ्याहून मुली घेतल्या. मुलींबरोबर सुनंदावहिनीही आल्या, अधिकाऱ्याला स्वतः बघायचं होतं. पण मुली तयार व्हायला वेळ लागला, वेण्या, रिबिनी, एकीचा बूट, आणि तोवर ऊन चढलं. वाटेत रेल्वेवरचा पूल. चढाच्या मध्यावर व्हॅनने एक आचका दिला, दुसरा दिला आणि मान टाकली. मी चावी फिरवली. सीटखाली गुणगुण नाही. काही म्हणजे काही नाही.

साहेब खाली उतरले आणि खडू काढला.

मला वाटलं, आज तरी नाही. आज तरी माणूस घड्याळ बघेल. मागे रांग लागली होती, एक जण ओरडत होता, "ए काका, साइड पर लेवनी." साहेब पहिल्या चाकाभोवती रेघ मारत होते. मी ओरडले, काका, आपण रिक्षा थांबवू. ते वर न बघता म्हणाले की चालकाने घटनास्थळ सोडायचं नसतं, आणि बंद पडताना वेग किती होता ते सांग. मग त्यांनी खिडकीतून मुलींना विचारायला घेतलं, आचका आधी बसला की आवाज आधी गेला. एक म्हणाली आचका, दुसरी म्हणाली आवाज. साहेबांचे डोळे चमकले. साक्षीत विसंगती सापडल्याचा आनंद मी इतक्या जवळून दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

वहिनींनी मागचं दार सरकवलं. "उतरा वं, पोरीसहोन." मुली एकेक करून उतरल्या. साहेब म्हणाले, थांबा, अजून जबाब पुरे व्हायचेत. वहिनी पदर खोचत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमना पंचनामा तुम्ही करा. माले पोरीस्ले शायमा पोचाडनं शे."

त्यांना मुलींना शाळेत पोचवायचं होतं. त्या पुलाच्या कडेने खाली चालू लागल्या, मागे मुलींची ओळ. मी चावी साहेबांच्या हातात दिली आणि त्यांच्या मागे पळाले. मागून साहेब काहीतरी नियम सांगत होते.

पुलाखाली कापडाचे ताके भरलेला एक टेम्पो हळू झाला. ड्रायव्हरने काय झालं विचारलं, वहिनींनी शाळेकडे हात केला, त्याने मागचं फाळकं पाडलं. संपली चौकशी. मुली ताक्यांवर बसल्या, मीही. कोऱ्या कापडाचा वास, खालून इंजिनची धडधड, आणि पायल दोन्ही हातांनी दोरी धरून, ओठ आवळून समोर बघत होती. तिला माहीत होतं आपण कशासाठी चाललोय. लहान मुलांना सगळं माहीत असतं.

शाळेत अधिकारी जीपमध्ये चढत होता. मुख्याध्यापक बाईंनी त्याला चहा पाजून पाजून अडवून ठेवलं होतं, पण चहालाही मर्यादा असते. वर्ग रिकामा पाहून त्याने शेरा लिहायला घेतला होता. हजेरीची वेळ गेली, असं त्याने आम्हाला गुजरातीत सांगितलं. माझ्या तोंडात एक अख्खं पत्रक तयार होतं. पण वहिनी आधीच जीपच्या दाराशी पोहोचल्या होत्या. "पहेला आ छोकरीओने जुओ," त्या त्याच्याच भाषेत म्हणाल्या, "पछी लखो." आधी बघा, मग लिहा. आवाज चढवला नाही. पण दाराची दांडी सोडलीही नाही.

अधिकारी उतरला. वर्गात गेला. मुलींच्या गणवेशांवर कापडाचे तंतू चिकटले होते. त्याने पायलला फळ्यापाशी बोलावून गणित घातलं. तिने सोडवलं. मग दुसरीला, मग तिसरीला. तिसरी चुकली, तरी त्याने मान डोलावली. आधीच्या शेऱ्यावर काट मारून त्याने लिहिलं की वर्ग चालू ठेवावा. वहिनींनी मला विचारलं काय लिहिलं, मी सांगितलं, आणि त्या तिथेच बाकावर बसल्या, गोंदाचे तळहात मांडीवर पालथे घालून.

साहेबांची गाडी वाहतूक पोलिसांच्या क्रेनने उचलली. क्रेनचा आकडा बंपरला कसा लागला याचीही त्यांनी चौकशी केली, हे त्यांनीच सांगितलं. गॅरेजवाल्याने अखेर टाकी उतरवली. पंप आतून काळा पडलेला, वायरचं टोक वितळलेलं. साहेबांनी तो मागून घेतला, काकूंची लोणच्याची एक बरणी रिकामी केली आणि मुद्देमाल म्हणून त्यात ठेवला. काकूंनी लोणचं कुठे हलवलं ते कुणी विचारलं नाही.

आणि मग मंडळाने साहेबांचा सत्कार केला. मुलींना शाळेत पोहोचवल्याबद्दल. हो, हेच कारण. मंडळाला सत्कारासाठी निवृत्त, स्वच्छ कपड्यातला, शुद्ध बोलणारा माणूस लागतो. टेम्पोवाल्याला कुठे शोधणार, आणि वहिनींना शाल घातली तर फोटोत अध्यक्षांशेजारी कोण दिसेल? साहेब बरणी घेऊन व्यासपीठावर आले. भाषणात आभार एका वाक्यात उरकून त्यांनी पंप हातात धरला आणि बिघाडाची कारणं सांगायला घेतली. भेसळ, इथेनॉल, चढ, हवामान, चालकाचा पाय. टाकी रिकामी ठेवल्याचा उल्लेख नाही. निष्कर्ष अद्याप राखून ठेवला आहे, असं म्हणून ते बसले. टाळ्या.

आभाराचे दोन शब्द बोलायला पायलला बोलावलं होतं. कुणीतरी तिला कागद लिहून दिला होता. तिने तो उघडला, वाचला, घडी केली. "आम्ही त्या दिवशी साहेबांच्या गाडीतून आलो नाही," ती म्हणाली. "आम्ही टेम्पोतून आलो."

अध्यक्ष हसत हसत माइककडे सरकले, मुलगी गोंधळली असावी अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत. पण साहेब खुर्चीतून उठले होते. त्यांनी अध्यक्षांना हाताने मागे केलं. "तिला बोलू द्या," ते म्हणाले, "ती प्रत्यक्ष साक्षीदार आहे." मग पायलकडे वाकून, शाल खांद्यावरून घसरत असताना, अगदी खऱ्या उत्सुकतेने त्यांनी विचारलं, "तो टेम्पो चढावर आचके देत होता का?"

"ते माहीत नाही," पायल म्हणाली. "तो थांबला, आम्हाला घेतलं आणि शाळेत सोडलं."

साहेबांनी मान हलवली, पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला, पण तो बाहेर पडला नाही. टाळ्या नेमक्या कुणासाठी वाजवायच्या हे मंडळातल्या लोकांना कळेना, म्हणून त्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेत सुनंदावहिनी तेवढ्या वाजवत होत्या. एकट्याच, आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या.